मुद्दाम हरायलेत की वो!

बेळगावात मँचेस्टर युनायटेडवाला आणि आर्सेनलवाला, म्हणजे या दोन इंग्लिश फुटबॉल क्लबांचे चाहते, कशावरूनही भांडतील, पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं. मॅनेजमेंट चोर आहे. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते, साडेतीनच्या सुमाराला संपते, आणि सकाळच्या चहापर्यंत टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत सिद्धांत तयार असतात. "मुद्दाम हरायलेत की वो!" हा त्यातला सगळ्यात लाडका. मालकाला कप नकोच आहे, लीगमध्ये चौथा नंबर येऊन पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग मिळाली की त्याचं भागतं, हा दुसरा. मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, आपलीच माणसं आणतो आणि एजंट सगळ्यांना खातो, हे तर कुणी सिद्धांत म्हणूनही धरत नाही, ते गृहीतच.

याची टिंगल करणं सोपं आहे. पण या बोलण्यातला बराच भाग तपासून बघता येतो, आणि तो तपासायला फुटबॉलपेक्षा हिशेब जास्त लागतो. हिशेब वाचायची सवय या मुलखाला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गल्लोगल्ली पतसंस्था आणि सोसायट्या. वार्षिक सभेआधी छापील अहवाल घरी येतो, तेव्हा मुरलेला सभासद चेअरमनचा फोटो आणि मनोगत ओलांडून थेट ताळेबंदावर जातो. थकबाकी किती, तरतूद किती, लाभांश किती, संचालकांच्या भत्त्याला किती गेले. फुटबॉल क्लबचा अहवालही असाच, मनोगत ओलांडून वाचायचा असतो.

मुद्दाम हरण्याचं आधी निकालात काढू. चॅम्पियन्स लीग हुकली की मोठ्या क्लबाचं प्रसारणाचं उत्पन्न घटतं, घरच्या मैदानावरच्या मोठ्या मॅचेस जातात आणि प्रायोजक करारातल्या कपातीच्या अटी काढून बसतात. युनायटेडच्या कित्येक खेळाडूंच्या करारात अशा वर्षी सुमारे २५ टक्के पगारकपातीची अट असल्याचं वर्षानुवर्षं छापून येतंय. म्हणजे हरण्यात मालकाचा तोटा, खेळाडूचा तोटा, मॅनेजरची नोकरी. हरून फायदा व्हावा असा एकही माणूस त्या इमारतीत सापडत नाही. 'मुद्दाम' हा शब्द तिथंच गळतो.

'चौथा नंबर पुरतो' मात्र इतक्या सहज गळत नाही. युनायटेडनं २०१४ साली आदिदासशी दहा वर्षांचा, किमान ७५ कोटी पौंडांचा जर्सीचा करार केला. त्यात अट अशी: संघ लागोपाठ दोन सीझन चॅम्पियन्स लीगबाहेर राहिला, तर दुसऱ्या वर्षाच्या रकमेत ३० टक्क्यांपर्यंत कपात. एक वर्ष बाहेर राहिलात तर चालेल, लागोपाठ दोन नकोत. आता पुढची दहा वर्षं मांडून बघा. २०१४-१५ बाहेर, २०१५-१६ आत. २०१६-१७ बाहेर, पुढची दोन आत. २०१९-२० बाहेर, पुन्हा दोन आत. २०२२-२३ बाहेर, २०२३-२४ आत. दहा वर्षांत चार वेळा बाहेर, आणि लागोपाठ दोनदा एकदाही नाही! कुठल्याही चाहत्याच्या हातात ही यादी पडली तर तो म्हणणारच, की बघा, अटीपुरतं खेळतात.

यादी खरी आहे, पण ती जुळवलेली नाही. २०१६-१७ मध्ये युनायटेड लीगमध्ये सहावं आलं होतं. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग मिळाली ती २४ मे २०१७ ला स्टॉकहोमला नेदरलँड्सच्या आयाक्सला २-० हरवून युरोपा लीग ही युरोपातली दुय्यम स्पर्धा जिंकल्यामुळे; तिच्या विजेत्याला चॅम्पियन्स लीगची जागा मिळते. एका फायनलवर टांगलेली गोष्ट कुणी योजून करत नाही. शिवाय नंतर नशीब फिरलं तेव्हा तीच यादी उलटली: २०२४-२५ ला बाहेर, त्या सीझनला लीगमध्ये पंधरावा नंबर, बिलबाओच्या युरोपा लीग फायनलमध्ये टॉटेनहॅमकडून १-० हार, आणि २०२५-२६ लाही बाहेर. संघ आत येत होता तो अटीमुळे नव्हे. अटीनं झालं ते एवढंच, की एका वाईट वर्षाची भीती वरच्या मजल्यावर कमी झाली. जिथं भीती कमी तिथं निर्णय उशिरा होतात. चाहत्याला हा उशीर दिसतो आणि तो त्याला कट म्हणतो.

खरा स्वार्थ बघायचा तर प्रत्येकाची मुदत बघावी. मॅनेजरचा करार तीन वर्षांचा असला तरी त्याला आतून ठाऊक असतं, की आपल्या हातात दीड-दोन सीझन आहेत. मग तो एकोणतीस वर्षांचा तयार खेळाडू मागतो. एकोणिसाव्या वर्षाचं पोर तयार होईल तेव्हा याच्या खुर्चीत दुसराच कुणी बसलेला असेल. खेळाडूंची खरेदी-विक्री बघणाऱ्या स्पोर्टिंग डायरेक्टरला उलटं हवं असतं, कमी वयाचा, पुढं विकता येईल असा. कारण त्याचं नाव विक्रीच्या किमतीवर होतं. एजंटला खेळाडू कुठं जातो याच्याशी फारसं देणंघेणं नाही, तो हलला पाहिजे. जागेवर राहिला तर नव्या कराराचं कमिशन, हलला तर त्याहून मोठं. इंग्लंडची फुटबॉल संघटना एफए दर वर्षी एजंटांना दिलेल्या रकमा क्लबनिहाय जाहीर करते. प्रीमियर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगचा, वर्षाचा आकडा ४० कोटी पौंडांच्या वर गेलेला आहे. आणि मालकाला क्लबची किंमत वाढलेली हवी असते, ती कपाटातल्या कपांपेक्षा प्रसारण कराराच्या आकड्यावर वाढते. या चौघांत चोर एकही नसेल. पण पाच वर्षांनी हा संघ कसा दिसेल याच्यावर ज्याचं पोट आहे, असाही त्यांत एकही नाही.

२०२४ चा उन्हाळा घ्या. मे महिन्यात एरिक टेन हागच्या युनायटेडनं एफए कप जिंकला, लीगमध्ये मात्र आठवा नंबर. क्लबचा कारभार बघणारे नवे व्यवस्थापक आलेले, त्यांनी इतर नावं चाचपली, मग जुलैत टेन हागचाच करार वाढवला. २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. क्लबच्या स्वतःच्या तिमाही हिशेबात तो आणि त्याचे सहकारी यांच्यापोटी १ कोटी ४ लाख पौंड लागले. जुलैत आलेला स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ डिसेंबरात गेला, त्याचे ४१ लाख वेगळे. यात कुणाच्या मनात शिरायची गरज नाही. कप जिंकलेल्या मॅनेजरला जूनमध्ये काढलं असतं तर शिव्या नव्या व्यवस्थापकांना बसल्या असत्या. ऑक्टोबरात निकालच इतके वाईट होते की शिव्या मॅनेजरला बसल्या. मधल्या चार महिन्यांचं बिल क्लबनं भरलं. याच्या उलट उदाहरण डेव्हिड मॉयेसचं. सहा वर्षांचा करार, २० एप्रिल २०१४ ला एव्हर्टनकडून हार, चॅम्पियन्स लीगची शक्यता गणितानंच संपली आणि दोन दिवसांत तो बाहेर. चॅम्पियन्स लीग हुकली तर एका वर्षाच्या पगारावर सुटका, अशी अट त्याच्या करारात असल्याचं इंग्रजी वर्तमानपत्रांत तेव्हा आलं होतं. तारीख अटीनं ठरवली, खेळानं नव्हे.

आता तो प्रश्न, जो दर जानेवारीत विचारला जातो: एवढा भंगार खेळतोय तर विकत का नाहीत याला? उत्तर बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत असतं. खेळाडूची ट्रान्सफर फी, म्हणजे त्याच्या आधीच्या क्लबला दिलेली किंमत, त्याच वर्षी खर्चात पडत नाही, ती कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते. युनायटेडनं २०२२ मध्ये अँटनीला आयाक्सकडून सुमारे ८ कोटी पौंडांना घेतलं, करार पाच वर्षांचा. म्हणजे दर वर्षी १ कोटी ६० लाख खर्चात. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत ४ कोटी ८० लाख उरते, तीन वर्षांनी ३ कोटी २० लाख. दुसऱ्या वर्षाअखेर कुणी अडीच कोटी देऊ केले तर २ कोटी ३० लाखांचा तोटा त्याच वर्षात दाखवावा लागतो. म्हणून खेळाडू आधी लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबकडे, जातो. पगाराचा काही भाग दुसरा क्लब उचलतो आणि वहीतला आकडा दर महिन्याला आपोआप खाली येत राहतो. अँटनी जानेवारी २०२५ मध्ये लोनवर स्पेनच्या बेटिसला गेला आणि सप्टेंबरात सुमारे २ कोटी २० लाखांना कायमचा विकला गेला. तोवर तोटा एका कोटीच्या आसपास आला होता. बाहेरून हे लाड वाटतात, आतून तो तोटा पुढं ढकलणं असतं. आणि पुढं ढकललेला तोटा बहुधा पुढच्याच माणसाच्या खात्यात पडतो.

चेल्सीनं हीच वही जरा जास्तच ताणली. एन्झो फर्नांडिससाठी जानेवारी २०२३ च्या शेवटी सुमारे १० कोटी ७० लाख पौंड, करार साडेआठ वर्षांचा. वर्षाचा खर्च सव्वा कोटीवर आला. पाच वर्षांवर वाटला असता तर २ कोटी १४ लाख पडला असता. मग आधी युरोपातली फुटबॉल संघटना युएफानं आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनं नियम केला, की करार कितीही वर्षांचा करा, फी जास्तीत जास्त पाच वर्षांवरच वाटायची. पळवाट बुजली, पण आधी झालेले करार तसेच राहिले.

अकादमीतलं पोर विकण्याचं गणित तर आणखी गमतीचं. त्याला विकत घेतलेलंच नसतं, वहीत किंमत शून्य, त्यामुळे विक्रीची पूर्ण रक्कम नफा. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानं तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाखांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता, बहुतेक क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं, आणि हा नियम मोडला की गुण जायचे. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० (अपिलात ६) आणि मग आणखी २, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४. आता जून २०२४ मध्ये काय झालं ते बघा. चेल्सीच्या अकादमीतला इयान माटसेन ३ कोटी ७५ लाखांना ॲस्टन व्हिलाकडे, आणि व्हिलाचा ओमारी केलीमन, ज्यानं मोठ्या संघाकडून मोजक्याच मॅचेस खेळल्या होत्या, १ कोटी ९० लाखांना चेल्सीकडे. चेल्सीच्या वहीत त्या वर्षी ३ कोटी ७५ लाखांचा नफा आणि समोर केलीमनचा वर्षाला फक्त ३८ लाखांचा खर्च. व्हिलाकडेही तसंच, आकडे लहान. नियमात सगळं बसतं. केलीमनची खरी किंमत तेवढी होती का, हा प्रश्न विचारायला त्या व्यवहारात कुणी उरलेलंच नव्हतं. "आमचा घरचा पोरगा का विकला?" असं चाहता ओरडतो तेव्हा उत्तर हेच असतं. घरचा होता म्हणून विकला. बाहेरून आणलेला विकून वहीत एवढं पडलं नसतं.

मालकांच्या बाबतीत चाहत्याचा सिद्धांत जास्त टिकतो, कारण तिथं कागद उघड आहेत. ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतलं, त्यातला मोठा हिस्सा कर्ज, आणि ते कर्ज क्लबवरच. तोवर या क्लबवर म्हणण्यासारखं कर्ज नव्हतं. त्यातली एक उचल १४.२५ टक्के व्याजाची होती, ती २०१० मध्ये १६.२५ वर गेली. आपल्याकडच्या खासगी सावकारालाही बरं वाटावं असा दर. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली, उभ्या राहिलेल्या पैशातला सुमारे निम्मा कुटुंबाकडे गेला, आणि बाजारात विकलेल्या शेअरला एक मत तर कुटुंबाकडच्या शेअरला दहा. पुढं २०१६ पासून काही वर्षं नियमित लाभांशही निघाला. यात गुपित असं काहीच नाही, सगळं क्लबनं स्वतः लिहून दिलेलं आहे.

आर्सेनलचं प्रकरण रकमेनं लहान, पण माझ्या मते जास्त शिकवणारं. २०१३-१४ च्या हिशेबात मालक स्टॅन क्रोंकी यांच्या कंपनीला 'सल्ला सेवे'पोटी ३० लाख पौंड दिल्याची एक ओळ निघाली. पुढच्या वर्षी पुन्हा ३० लाख. मोठ्या क्लबाच्या मानानं चिल्लर. पण आर्सेनलकडे तेव्हा एकेक-दोन-दोन शेअर धरून बसलेले छोटे भागधारक होते आणि त्यांची वार्षिक सभा भरायची. सभेत उभं राहून त्यांनी विचारलं: सल्ला कोणता, कुणी दिला, कागद कुठाय? ज्यानं पतसंस्थेच्या सभेत 'इतर खर्च' या ओळीवरून झालेला गोंधळ पाहिलाय त्याला तो प्रसंग वेगळा सांगायला नको. तिसऱ्या वर्षी ती ओळ हिशेबातून गेली. २०१८ मध्ये क्रोंकींनी उरलेले शेअर घेतले, छोट्या भागधारकांना आपले शेअर द्यावेच लागले, आणि ती सभाच बंद झाली.

आपल्या देशात कागद इतके उघड नाहीत, पण मुदतीचं गणित तेच. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले, त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) उभी राहिली, खाली घसरण्याची भीती नसलेली. खालच्या डिव्हिजनमध्ये जायचंच नसेल तर शेवटून दुसरा आलेल्या मालकाचं बिघडतं काय? चोर्ला घाट उतरून फातोर्ड्याला मॅच बघायला जाणाऱ्या बेळगावकरानं याची दुसरी बाजूही पाहिली. देशातली सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकलेला धेंपो, दोनदा जिंकलेला साळगावकर, आणि स्पोर्टिंग क्लब, गोव्याचे हे तिघंही २०१६ मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, कारण नव्या आराखड्यात वर जायची वाट नव्हती. आणि २०२५ मध्ये ती पंधरा वर्षं संपत आली तेव्हा पुढच्या हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही.

गल्लीतल्या टूर्नामेंटचं काय सांगावं! निवडणूक जवळ आली की बक्षिसाची रक्कम वाढते, फ्लेक्स मोठा होतो, प्रकाशझोत येतो. चुन्याच्या रेषा दुसऱ्या दिवशी पुसलेल्या, गोलची जाळी फाटलेली, पंचांचं मानधन फायनलनंतर 'बघूया'. कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल आपल्या लोकांना तोंडपाठ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं निपाणीत काय आणि बेळगावात काय, सांगावी लागत नाहीत. तिथंही पुरस्कर्त्याला या हंगामाची ट्रॉफी हवी, म्हणून पुढच्या फळीत बाहेरचा, परदेशी खेळाडू. तो गोल मारतो आणि हंगाम संपला की जातो. पेठेतला अठरा वर्षांचा स्ट्रायकर मात्र हंगामभर राखीव बाकावर. आणि संघनिवड करणाऱ्याचा भाचा खेळतोय हा आरोप तर सगळीकडेच, बऱ्याच ठिकाणी खराही.

तपासायचंच असेल तर इंग्लिश क्लबांचे हिशेब कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट मिळतात. क्लबचं नाव टाकायचं आणि 'अकाउंट्स'ची पीडीएफ उतरवायची. युनायटेड अमेरिकेत नोंदलेलं असल्यानं त्याचा अहवाल तिथल्या शेअर बाजार नियामकाकडे असतो, जास्त तपशिलाचा. आधी उत्पन्नाशी पगाराचं प्रमाण बघावं; सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर तो क्लब खेळाडू विकणार हे धरून चाला. मग खेळाडूविक्रीवरचा नफा वेगळा काढावा आणि तो वजा करून क्लब किती बुडालाय ते पाहावं. मग शेवटाकडची दोन टिपणं: 'संबंधित पक्षांशी व्यवहार' आणि 'ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना'. सल्ल्याचे ३० लाख अशाच टिपणात सापडतात. आणखी एक पथ्य, क्लबबरोबर त्याच्या वरच्या कंपनीचाही हिशेब उघडावा. चेल्सीनं दोन हॉटेलं ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली, महिला संघ सुमारे २० कोटींना, दोन्ही आपल्याच गटातल्या कंपन्यांना. क्लबच्या वहीत तो नफा दिसतो, वरच्या कंपनीच्या एकत्रित वहीत नाहीसा होतो. प्रीमियर लीगला ते चाललं, युएफानं असा नफा धरला नाही आणि जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड बसला.

इथं घसरायला होतं ते 'नेट स्पेंड'वर, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीतून विक्री वजा केलेल्या आकड्यावर. वेबसाइटवरचा आकडा घेतला म्हणजे क्लबनं तेवढे पैसे मोजले असं नव्हे. फी हप्त्यानं जाते, बोनस अटींवर असतो, आणि वहीतला खर्च आणखी तिसराच. दुसरं, खासगी कंपनीला हिशेब द्यायला नऊ महिन्यांची मुभा असते. जूनअखेरचे आकडे पुढच्या मार्चपर्यंत येतात. तोवर निम्मे सिद्धांत लोक विसरून गेलेले असतात आणि मॅनेजरही बदललेला असतो.

युनायटेडचा आदिदासशी २०२३ मध्ये नवा करार झाला, २०३५ पर्यंतचा, किमान ९० कोटी पौंडांचा. त्यात लागोपाठ दोन वर्षांची सवलत राहिलेली नाही. २०२५-२६ पासून चॅम्पियन्स लीगबाहेरच्या प्रत्येक वर्षाला सरळ १ कोटी पौंड कापले जाणार, आणि नेमक्या त्या पहिल्याच वर्षी संघ बाहेर होता. त्या सीझनच्या अहवालात प्रायोजकत्वाची ओळ आधी उघडावी, मनोगत नंतर.